गाळलेल्या जागा भरा

प्रश्न १. गाळलेल्या जागा भरा.

"__________ हा लाँग नॉन-कोडिंग आरएनए __________ या मायक्रोआरएनएला स्पंजासारखा शोषून घेतो आणि __________ च्या कॅन्सरची वाढ घडवून आणतो."

मित्रमैत्रिणींनो, दचकू नका. ओरल्सना हा प्रश्न येणार नाही. पण वरचं वाक्य मी माझ्या मनाने बनवलेलं नाही. या एका साच्यात बसणारे शोधनिबंध गेल्या काही वर्षांत हजारांनी प्रसिद्ध झाले आहेत. पहिल्या जागेत एका आरएनएचं नाव टाका, दुसऱ्या जागेत दुसऱ्याचं, तिसऱ्या जागेत फुफ्फुस, जठर, यकृत, जे सुचेल ते टाका... पेपर तयार! यातले बरेच पेपर खरे आहेत, वर्षानुवर्षं राबून केलेले आहेत. काही मात्र चक्क दुकानातून विकत घेतलेले आहेत. मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे, आणि ओघाने आपल्या हॉस्टेलबद्दलही. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा इंग्रजाळलेलं आहे. शुद्धलेखन संपादक मंडळाने तपासलंय, मतं मात्र माझीच आहेत!)

या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्ह म्हणून बायोइन्फर्मॅटिक्स होता. "स्कोअरिंग आहे" एवढ्या एकाच कारणासाठी अर्ध्या वर्गाने तो घेतला, त्यात मीही होते. पण त्यात जे सापडलं ते डोक्यातून जाईना.

आधी थोडा फंडा. आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए सरळ ताणला तर जवळजवळ २ मीटर भरतो. त्यात ३०० कोटींच्या वर अक्षरं असतात. हे ऑफिसमधल्या तिजोरीत ठेवलेलं मूळ ड्रॉइंग समजा. मूळ ड्रॉइंग कोणी वर्कशॉपमध्ये नेत नाही, त्याची प्रिंट काढतात. ती प्रिंट म्हणजे आरएनए. वर्कशॉपमध्ये ती प्रिंट वाचून जो जॉब तयार होतो तो म्हणजे प्रथिन. बारावीच्या बायॉलॉजीत आपण एवढंच शिकलो : डीएनए, मग आरएनए, मग प्रथिन.

ह्यूमन जिनोम प्रोजेक्टचा कच्चा आराखडा २००१ मध्ये छापून आला आणि काम २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी अनेकांना वाटत होतं की माणसाला एक लाखाच्या आसपास जनुकं असतील. निघाली सुमारे २० हजार! जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका गोल कृमीलाही साधारण तेवढीच असतात. म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना आपल्या डीएनएच्या २ टक्क्यांहून कमी भागात मावतात. मग बाकीचं काय? सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञांनी १९७२ सालीच या बाकीच्या भागासाठी 'जंक' हा शब्द वापरला होता, आणि तो चांगलाच चिकटला.

पण गंमत अशी की या 'जंक' भागाच्याही प्रिंट्स निघत असतात. वर्कशॉपकडे न जाणाऱ्या, ज्यांच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही अशा प्रिंट्स. त्यातल्या २०० अक्षरांपेक्षा लांब असतात त्यांना लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणायची पद्धत पडली. (२०२३ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी ही मर्यादा ५०० करावी असं सुचवलं.) यांची जनुकं हजारोंनी सापडली आहेत. त्यातल्या बहुतेकांचं काम काय, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

आपल्याला कळेल अशा भाषेत सांगते. तुमच्या सी प्रोग्रॅममध्ये स्क्रीनवर काहीतरी छापणाऱ्या ओळी किती असतात? मोजक्याच. बाकी सगळं इफ-एल्स, लूप, कंडिशन. त्या ओळींचं आउटपुट दिसत नाही म्हणून त्या उडवून टाका बरं! लाँग नॉन-कोडिंग आरएनएपैकी काही अशाच कंट्रोलच्या ओळी आहेत. १९९१ मध्ये सापडलेला एक्सिस्ट घ्या. स्त्रियांच्या पेशीत दोन एक्स क्रोमोसोम असतात, त्यातला एक बंद ठेवावा लागतो. एक्सिस्ट त्या क्रोमोसोमवर पांघरुणासारखा पसरतो आणि त्यावरची बहुतेक जनुकं गप्प करतो. प्रथिन एकही बनवत नाही, पण त्याच्याशिवाय मुलगी गर्भातच वाढणार नाही. जंक म्हणायचं का याला?

आता कॅन्सर. कॅन्सर म्हणजे शेवटी कंट्रोल सिस्टीम बिघडणं. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं याचे स्विच अडकून बसतात. मग कंट्रोलच्या ओळीतही बिघाड असणार हे ओघानंच आलं. तीन उदाहरणं देते.

पहिलं हॉटएअर. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांच्या गटाने २००७ मध्ये हा आरएनए शोधला. तयार होतो १२ व्या क्रोमोसोमवर आणि जनुकं बंद करतो २ ऱ्या क्रोमोसोमवरची! म्हणजे एका इमारतीतल्या बटणाने दुसऱ्या इमारतीतला दिवा घालवण्यासारखं. २०१० मध्ये त्याच गटाने दाखवलं की ज्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हॉटएअर फार वाढलेला असतो, तो शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता जास्त असते.

दुसरं मॅलॅट-१. जर्मनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे नमुने तपासले. काही रुग्णांचा कॅन्सर पुढे पसरला, काहींचा नाही. ज्यांचा पसरला त्यांच्या गाठींमध्ये हा आरएनए सुरुवातीपासूनच जास्त होता. त्याच्या लांबलचक नावातच 'मेटास्टॅसिस' हा शब्द आहे.

तिसरं पीसीए-३, आणि हे मला सर्वात जवळचं वाटतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हा आरएनए प्रचंड वाढतो, असं १९९९ मध्ये जाहीर झालं. त्यावरून लघवीची एक तपासणी तयार झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला मान्यता दिली. कशासाठी? तर ज्यांची बायॉप्सी एकदा स्वच्छ आली आहे पण संशय अजून गेलेला नाही, त्यांना पुन्हा सुई टोचायची का, हे ठरवायला मदत म्हणून. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. त्यांचं पीएसए वाढलेलं होतं, बायॉप्सी स्वच्छ आली, सहा महिन्यांनी पीएसए पुन्हा वाढलेलंच. डॉक्टर म्हणाले पुन्हा बायॉप्सी करू. आजोबा एरवी कशाला न घाबरणारे, पण त्या दिवशी आजीला म्हणाले, "मला काय व्हायचं ते होऊ दे, पुन्हा ती सुई नको." शेवटी केली, तीही स्वच्छ आली, आणि ते आज ठणठणीत आहेत. आमच्या गावात अशी काही तपासणी असते हे कोणालाच माहीत नव्हतं. ती काही शंभर टक्के खात्रीची नाही, पण नको असलेली एखादी सुई चुकवणं ही त्या माणसासाठी छोटी गोष्ट नसते. 'जंक' समजल्या गेलेल्या भागातून निघालेल्या एका आरएनएने हे शक्य केलं, आणि पहिल्या निबंधापासून मान्यतेपर्यंत १३ वर्षं लागली. खरं काम असंच वेळ खातं.

आणि खरं काम वाकडंही चालतं. मॅलॅट-१ चंच बघा. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरातून हे जनुकच काढून टाकलं. उंदीर मजेत! सगळेच चक्रावले. २०१३ मध्ये मात्र फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींतून ते काढल्यावर कॅन्सर पसरणं कमी झालं. २०१६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेने उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसंच दाखवलं. आणि २०१८ मध्ये टेक्सासच्या एका गटाने नेमकं उलटं छापलं : स्तनाच्या कॅन्सरमध्ये मॅलॅट-१ पसरणं वाढवत नाही, रोखतो! हॉटएअरचंही तसंच. तो ज्या प्रथिनांच्या मदतीने जनुकं बंद करतो असं मानलं जात होतं, त्यांच्याशिवायही ती बंद होतात असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

आपल्याला हे वाचून वाटतं, "काय हे, यांचं काही ठरतच नाही!" मला उलट वाटतं. नावातच मेटास्टॅसिस असलेल्या आरएनएबद्दल "आमच्या प्रयोगात उलटं आलं" असं छापायला धाडस लागतं. लॅबमध्ये ग्राफ पुस्तकासारखा आला नाही तर आपण काय करतो? असो, त्याकडे येतेच.

आता त्या स्पंजाकडे वळू. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचे चिमुकले आरएनए, जे प्रथिनांच्या प्रिंट्सना अडवतात. ते शोधल्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका गटाने सुचवलं की काही नॉन-कोडिंग आरएनए या मायक्रोआरएनएंना स्पंजासारखे शोषून घेतात, त्यामुळे अडवलेली प्रथिनं मोकळी सुटतात. कल्पना सुंदर आहे. पण इंजिनिअर म्हणून पहिला प्रश्न काय विचारायचा? क्वांटिटी किती! अनेक लाँग नॉन-कोडिंग आरएनएच्या एका पेशीत मोजक्याच प्रती असतात. मायक्रोआरएनए जिथे चिकटू शकतो अशा जागा मात्र हजारोंनी. एवढ्याशा स्पंजाने हॉस्टेलची पाण्याची टाकी कोरडी होईल का? झुरिकच्या एका गटाने २०१४ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं की स्पंजाचा परिणाम दिसायला त्याच्या प्रती अवाढव्य प्रमाणात वाढाव्या लागतात. म्हणजे ही कल्पना काही ठिकाणी लागू पडेलही, पण प्रत्येक आरएनए स्पंज आहे हे म्हणणं गणितातच बसत नाही.

तरीही स्पंजाचे पेपर थांबले नाहीत, वाढतच गेले. का?

साधं परम्युटेशन-कॉम्बिनेशन करा. लाँग नॉन-कोडिंग आरएनए धरा २० हजार. मायक्रोआरएनए धरा २ हजार. कॅन्सरचे प्रकार १००. गुणाकार : ४०० कोटी! इतक्या गाळलेल्या जागा उपलब्ध आहेत. प्रत्येक जोडी 'नवीन' असते, कारण त्या आरएनएबद्दल आधी कोणी काही लिहिलेलंच नसतं. तपासणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो, त्यामुळे खोटं पकडलं जायची भीती कमी. पेपर बनवून विकणाऱ्यांसाठी याहून सुपीक जमीन कुठली?

होय, असे विकणारे आहेत. त्यांना पेपर मिल म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न या कॅन्सर संशोधक. त्यांच्या गटाने अनेक वर्षांपूर्वी शोधलेल्या एका जनुकावर अचानक एकसारखे दिसणारे पेपर येऊ लागले. त्यांनी बारकाईने पाहिलं तर प्रयोगात वापरल्याचं सांगितलेला आरएनएचा क्रमच चुकीचा! म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने वेल्डिंग केलं असं कोणी लिहावं आणि रिझल्ट मात्र पर्फेक्ट यावा, तसं. मग त्यांनी फ्रान्समधले कॉम्प्युटर सायंटिस्ट सिरिल लाबे यांच्यासोबत असे क्रम आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर बनवलं. (बघा, इथे आपली जमात कामाला आली!) २०२२ मध्ये त्यांच्या गटाने साडेअकरा हजारांहून जास्त पेपर चाळले आणि ७१२ पेपरांमध्ये चुकीचे क्रम सापडल्याचं छापलं. त्यातल्या काही प्रामाणिक चुका असतील, पण सगळ्या कशा असतील? त्याआधी २०२० मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० हून अधिक पेपर शोधून काढले होते, ज्यांत प्रयोगाच्या फोटोंमधले पट्टे एकाच छापातून काढल्यासारखे होते, बेडकाच्या पिल्लांसारख्या आकाराचे. लेखक वेगळे, हॉस्पिटलं वेगळी, कॅन्सर वेगळे... बेडकाची पिल्लं तीच!

यातले पुष्कळ पेपर चीनमधल्या हॉस्पिटलांच्या डॉक्टरांच्या नावावर होते. पण "चिनी लोक असेच" म्हणून मोकळं होऊ नका. त्या डॉक्टरांना दिवसभर पेशंट तपासायचे, हाताशी लॅब नाही, आणि प्रमोशनसाठी मात्र पेपर हवा अशी अट. पाणी उताराकडेच जाणार. शेवटी २०२० मध्ये चीन सरकारलाच सांगावं लागलं की पेपर मोजून बक्षिसं देणं बंद करा. आपल्याकडे पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली. पैसे घेऊन वाट्टेल ते छापणाऱ्या जर्नल्सचा सुळसुळाट त्याआधी कितीतरी वर्षं चालू होता, आणि त्यातली कित्येक आपल्याच देशातून चालत होती.

आता हॉस्टेल. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारा. ट्यूबलाइटवर काच ठेवून जीटी चालू असते. एका खोलीत एक जर्नल मधोमध आणि भोवती सात जणी छापतायत. रीडिंग्ज? ग्राफ आधी काढायचा, मग त्यावरून रीडिंग्ज 'सेट' करायची. आणि फायनल इयरला शहरातल्या त्या प्रसिद्ध गल्लीत जाऊन प्रोजेक्ट आणायचा, रिपोर्ट आणि पीपीटीसकट, पहिल्या पानावर फक्त नावं बदललेली. आयत्या बिळावर नागोबा! मला सांगा, पेपर मिल आणि त्या गल्लीत फरक काय? तिथेही गाळलेल्या जागाच भरून मिळतात : ________ बेस्ड ऑटोमॅटिक ________ कंट्रोल सिस्टीम.

हे मी मेसमध्ये बोलले तर मैत्रीण म्हणाली, "अगं, सगळेच छापतात. तू एकटी हरिश्चंद्र होणार आहेस का? आणि आपल्या जर्नलमुळे कोणी मरतं का?"

तिचा प्रश्न टाकाऊ नाही. ओहमचा नियम आपण छापला तरी ओहमचा नियम बदलत नाही. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, म्हणून नुकसान फक्त आपलं. पण सवय तीच लागते : रिझल्ट आधी, प्रयोग नंतर. ही सवय घेऊन जो माणूस उत्तर माहीत नसलेल्या ठिकाणी जाईल, त्याचं काय? कॅन्सरचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही. तिथे 'सेट' केलेलं एक रीडिंग खरं समजून कुठेतरी एखादी पीएचडीची मुलगी दोन वर्षं तोच प्रयोग करत बसते आणि तिला वाटतं आपल्याच हाताला यश नाही. पैसे जातात, उंदीर जातात, वर्षं जातात. लाँग नॉन-कोडिंग आरएनएवर नेम धरणारं आणि कॅन्सरसाठी मान्यता मिळालेलं औषध अजून एकही नाही. चार हजार खोट्या वाटांमधून ती एक खरी वाट शोधणाऱ्याला किती उशीर होईल? आणि सर्वात वाईट म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतं. उद्या कोणाला खरोखर पीसीए-३ सारखं काही सापडलं, तर "हं, अजून एक स्पंज!" म्हणून लोक पान उलटतील. ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला हा थट्टेचा विषय नाही.

म्हणून माझं मत असं की फक्त मुलांना दोष देऊन भागणार नाही आणि फक्त 'सिस्टीम'ला शिव्या देऊनही नाही. सर आणि मॅडम हे मासिक वाचतात म्हणून नम्रपणे तीन गोष्टी सुचवते. एक, दर सेमिस्टरला निदान एक प्रयोग असा ठेवा ज्याचं उत्तर तुम्हालाही आधी माहीत नाही. दोन, रीडिंग्ज त्याच दिवशी, पेनाने, खाडाखोडीसकट सही करून घ्या, आणि ग्राफ वाकडा आला तर "का आला?" याला मार्क ठेवा. वाकड्या ग्राफला शून्य मिळत असेल तर सरळ ग्राफ बाजारात विकत मिळणारच. तीन, आपल्या याच मासिकात दर वर्षी 'न चाललेले प्रोजेक्ट' म्हणून दोन पानं द्या. कशामुळे चालला नाही ते लिहायचं. माझी खात्री आहे, तीच पानं ज्युनिअर्स सर्वात जास्त वाचतील.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्यासाठी एकच. बायॉलॉजी आपला प्रांत नाही असं समजू नका. चुकीचे क्रम पकडणारं ते सॉफ्टवेअर लिहायला कोणी डॉक्टर लागला नाही. जिनोमच्या या राहिलेल्या भागात पुढची कित्येक वर्षं सिग्नल आणि नॉइज वेगळं करण्याचंच काम आहे, आणि सिग्नल-नॉइजवर तर आपण तीन-तीन पेपर देतो! त्या भागातलं सगळंच मौल्यवान निघेल असंही नाही, बराचसा खरंच जंक असू शकेल. पण ते मोजून ठरवायचं, आधीच नाही.

परीक्षेत आपल्याला शिकवलं जातं की काहीही लिहा पण जागा रिकामी सोडू नका, नशिबाने अर्धा मार्क मिळेल. प्रयोगशाळेत हा नियम उलटा आहे. जे मोजलेलं नाही ती जागा रिकामी ठेवायची, आणि खाली सही करायची.